नांदुऱ्याच्या मुलीचा स्वभाव

मनुष्यस्वभाव हा समुद्रासारखा अथांग आहे. जन्मभर डोकावलं तरी त्याचा तळ दिसत नाही. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात समुद्र नाही. त्यामुळे माणसाचा, विशेषतः लग्नाच्या मुलीचा स्वभाव इथे सकाळच्या पॅसेंजरने जाऊन संध्याकाळच्या पॅसेंजरने परत येईपर्यंत पुरता कळतो.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनतीन वर्षं झाली होती. मलकापूरच्या हिंमतरावांकडे, त्यांच्या मोतीरामसाठी, नांदुऱ्याच्या भगवानरावांनी आपली विमल सुचवली. भगवानरावांचा मळा किती, घराणं कसं, ही माहिती हिंमतरावांना होतीच. राहिला स्वभाव. त्यासाठी माणूस धाडायची आमच्याकडे रीत आहे. माणूस मुलाकडचा असावा, पण तसं कुणाला कळू नये. त्याने मुलीच्या घरी पाणीसुद्धा पिऊ नये. विहिरीवर, गिरणीवर, शेजारीपाजारी सहज म्हणून विचारावं आणि मुकाट्याने परत यावं.

या कामावर हिंमतरावांनी भाचा इंद्रभान याची नेमणूक केली. इंद्रभानचे वडील नव्हते. तो आणि त्याची आई अन्नपूर्णाबाई मामाच्याच घरी राहत. मामानेच त्याला कॉलेजात घातलं होतं, आणि तिथे त्याने मानसशास्त्र घेऊन बी. ए. केलं होतं.

"माणसाचं मन शिकला ना बे?" मामा म्हणाले. "मंग जाय. पाहून ये पोरीचं."

इंद्रभान गेला. थंडीचे दिवस होते. रेल्वे फाटकाच्या पलीकडे मळ्यांची रांग होती आणि एका विहिरीच्या हौदावर एक मुलगी मेथी धुऊन जुड्या बांधत बसली होती. कोपरापर्यंत ओली, कपाळावर एक बट, आणि बट मागे सारायला हात मोकळा नाही म्हणून ती अधूनमधून नुसतीच फुंकर मारत होती.

इंद्रभानने पुस्तकात शिकल्याप्रमाणे सहज आवाज काढला.

"इकडं... भगवानरावांचा मळा कोनता?"

"काऊन?"

"काही नाही... त्यांची मुलगी आहे म्हणे एक. विमल."

मुलीने वर पाहिलं. धुतलेली पँट, बोटात पेन धरल्यासारखा धरलेला रुमाल, आणि मेथी घ्यायला पिशवी नाही. तिला जे कळायचं ते कळलं.

"हाव, आहे ना," ती म्हणाली. "आमच्या शेजारीच राह्यते. काय पाह्यजे?"

"म्हंजे... कशी आहे ती?"

"दोन डोये, एक नाक."

"तसं नाही. स्वभावानं."

"हां... स्वभाव!" तिने जुडी बाजूला ठेवली. "लय तापट आहे हो. आल्यागेल्याले बोलते."

"राग आला की बोलते, का गप बसते?"

"आधी ते बोलते. मंग समोरचा गप बसते."

"हट्टी आहे?"

"आता पाहा... तुमाले मी काही बसा म्हनलं नाही, तरी तुमी उभेच. हट्टी कोन?"

इंद्रभान हसला. हसू नये असा चौकशीचा नियम होता, पण तो हसला. तेवढ्यात झोपडीकडून हाक आली, "विमलेऽ... झाल्या का जुड्या?"

"झाल्या वं माय!" शेजारणीने ओरडून सांगितलं, आणि मग इंद्रभानकडे पाहून ओठ दाबले. "पोरीची चौकशी पोरीलेच केली, तर ते चालते का तुमच्यात?"

"नाही," इंद्रभान म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "पुन्हा यावं लागन."

तो पुन्हा आला. नंतरही आला. हिंमतरावांना तो सांगे, स्वभावाचं काम आहे, एका दिवसात व्हायचं नाही. मामाला हे पटलं, कारण बी. ए. व्हायलाही चार वर्षं लागली होती. आता मेथी संपून मुळे निघाले होते. इंद्रभान हौदाच्या कडेला बसे आणि दोघं एकमेकांना प्रश्न विचारत. काही माणसं आपलीच चूक असताना जास्त का ओरडतात? कुणी आपल्याला चांगलं म्हटलं की आपण खाली का पाहतो? प्रश्न विचारताना तो तिच्या हातांकडे पाही. उत्तर देताना ती त्याच्याकडे पाही, आणि त्याने वर पाहिलं की मुळ्याकडे.

"माह्यं समदं इचारून झालं," एकदा ती म्हणाली. "आता तुमचं सांगा. तुमाले जास्त काय येते... राग, का रडू?"

"भेव," इंद्रभान म्हणाला.

"कोनाचं?"

"मामाचं."

ती हसली नाही. तिने एक मुळा धुतला, मग तोच पुन्हा धुतला.

"मंग... मोतीरामसाठी मी कशी आहे, ते ठरलं का?"

"मोतीरामसाठी नाही ठरवता येत मले," तो म्हणाला. "माह्यासाठी... कधीचं ठरलं."

पाट वाहत होता. विमलने तोच मुळा तिसऱ्यांदा धुतला.

"एवढंच मामाले सांगा," विमल हळूच म्हणाली. "पोरगी मले पसंत आहे म्हना. मारते का काय तो?"

"सांगतो."

"नक्की?"

"नक्की सांगतो ना."

त्या संध्याकाळी पॅसेंजरमध्ये इंद्रभानने ते वाक्य पाठ केलं. मलकापूरला उतरेपर्यंत ते उत्तम पाठ झालं होतं. घरी मामा झोपाळ्यावर बसले होते, आई सुपारी कातरत होती, आणि मामांनी विचारलं, "मंग बे? कशी आहे पोरगी?"

मानसशास्त्रात याला काय म्हणतात ते इंद्रभानला ठाऊक होतं. पण ठाऊक असल्याने जीभ सुटत नाही. मोतीरामच्या तोंडचा घास मामांसमोर मागायचा, तोही मामांचंच अन्न खाऊन? त्यापेक्षा घास मोतीरामनेच नको म्हटला तर? मग सावकाश, महिना दीड महिन्याने...

"तापट आहे," तो म्हणाला.

"किती?"

"आल्यागेल्याले बोलते. तिच्या शेजारनीनंच सांगतलं."

मामांनी झोपाळ्याला एक रेटा दिला. "मंग राहू दे," ते म्हणाले. संपलं.

निदान इंद्रभानला तसं वाटलं. पण हिंमतरावांनी चौकशी केली, बी. ए. झालेल्या माणसाकडून केली, आणि विमल तापट निघाली, ही बातमी मलकापूरच्या बाजारातून निघून दोन आठवड्यांत सगळ्या सोयऱ्यांत पोचली. खामगावकडचे पाहुणे मुलगी बघायला यायचे होते, ते आले नाहीत. मोताळ्याच्या लोकांनी भगवानरावांचा नारळ परत पाठवला.

दीड महिन्याने इंद्रभानने आईला गाठलं.

"माय, मले नांदुऱ्याची विमल करायची आहे."

अन्नपूर्णाबाईंचा अडकित्ता थांबला. "तेच तापट?"

"तापट नाही वं ते. मी खोटं बोललो होतो."

"कोनाशी?"

"मामाशी."

"मामाशी कोनी खोटं बोलते का, लेका?" आईने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "तवा तू डोकं ठिकानावर ठेवून पाह्यलं, तवा तुले तापट दिसली. आता डोकं फिरलं, तं गरीब दिसते. असंच होते या वयात. तुह्या मामानं तुले शिकवलं तेच या घरासाठी, आन् तूच ते पोरगी या घरात आनतो?"

मामांनी एवढंच म्हटलं की माणूस पहिल्यांदा सांगतो ते खरं असतं. त्यांच्यासमोर इंद्रभानने पुन्हा तोंड उघडलं नाही.

तो नांदुऱ्याला गेला. चैत्राचं ऊन होतं, हौदात पाणी कमी होतं. विमल वांगी निवडत होती. किडकी एका बाजूला, चांगली एका बाजूला. त्याला पाहून ती उठली नाही आणि तिने तोंडही फिरवलं नाही.

"समजलं तुमाले?" त्याने विचारलं.

"समजन नाही तं काय. माह्येच शब्द होते. वळखीचे वाटले." तिने एक वांगं उलटंसुलटं केलं. "पन ते मी तुमच्यापाशी बोलली होती. गावाशी नाही."

"विमल, मी ते... आपल्यासाठीच केलं. मले वाटलं..."

"मोतीरामनं नाही म्हनावं, म्हंजे तुमाले काही म्हनाच लागू नये."

इंद्रभान म्हणाला, "रागव ना माह्यावर. बोल काहीतरी. ओरड."

"मी लय कोशिश केली," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "रातभर. येतच नाही राग. तापट असती तं बरं झालं असतं... एक इचारू? तुमच्या पुस्तकात असन. भेकड मानूस आन् लबाड मानूस, वेगळे वळखाचे कसे?"

त्याने खरोखर विचार केला. त्याला वाटलं, निदान हे उत्तर तरी प्रामाणिक द्यावं.

"बाहेरून सारखेच दिसतात," तो म्हणाला. "आतून... भेकडाले वाईट वाटते."

"आतून," विमल म्हणाली, आणि मान हलवली. "बाबानं धामनगावचं एक ठरवलं आहे. बिजवर आहे. दोन लेकरं. त्यानं काही चौकशी नाही केली. स्वभावाशी मले काय करायचं म्हने, भाकरी येते ना?"

"आन् तू... हो म्हनली?"

"येते ना मले भाकरी."

ती पुन्हा वांगी निवडू लागली. तो उभा होता तिथे निवडलेली वांगी ठेवायची होती, म्हणून तिने त्याला थोडं बाजूला व्हायला सांगितलं. तो झाला. बट कपाळावर आली होती, हात मोकळे होते, पण तिने ती तशीच राहू दिली.

वैशाखात मोतीरामचं लग्न लागलं, देऊळगाव राजाला. इंद्रभान पंगतीत वाढत होता. उन्हाने आणि जेवणाने सैल झालेल्या मामांनी त्याला जवळ बसवून घेतलं, पाठीवर थाप मारली आणि सांगितलं की देऊळगावची ही सोयरीक दसऱ्यालाच, घरात कुणाला न सांगता, पक्की झाली होती. नांदुऱ्याचा निरोप त्यानंतर आला. सरळ नाही म्हटलं तर भगवानरावांना वाईट वाटेल, म्हणून चौकशीला धाडलं होतं. त्याने काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं.