उतारावरही पायडल!

"वैजू, अगं पाय हलव की! सगळे त्या वळणापाशी पोचले!" सरोज ओरडली.

"हलवतेच आहे! दिसत नाही का तुला?" वैजयंतीने दात-ओठ खाऊन पायडल मारलं. सायकल आपली गोगलगायीसारखी सरकली!

नाताळची सुट्टी. भोपाळच्या कारखान्याच्या वसाहतीतली मराठी मंडळाची मुलं सायकलींवरून थेट सांचीला एका रात्रीच्या मुक्कामाला निघाली होती, सोबतीला मागून एक जीप. बाकी सगळे मुरलेले सायकलवीर. वैजू मात्र दिवाळीत सायकल शिकलेली, तीसुद्धा वसाहतीच्या सपाट रस्त्यांवर! "हिला नेऊ नका, मध्येच रडेल," असं तिची आई, प्रमिलाताई, भर मंडळात म्हणाली होती. वैजूला ते असं झोंबलं, की ती ताडकन उभी राहिली. "मी सांचीला सायकलवरच पोचणार! जीपमध्ये बसले तर नाव बदला माझं!"

सहलीचे प्रमुख मधुकरकाका हसले होते. "ठीक आहे. वाटेतल्या दिवाणगंजपर्यंत बघू. मागे पडलीस, तर सायकल टपावर आणि तू जीपमध्ये. कबूल?"

"कबूल!"

आणि आता दिवाणगंज जवळ येत होतं. पाय शिशाचे झाले होते, घसा कोरडा पडला होता. मोठ्या तोंडाने बोलून बसले आणि आता तोंडघशी पडणार, या विचाराने वैजूचे डोळे भरून आले. मागून काकांच्या जीपचा हॉर्न वाजतच होता.

तेवढ्यात उतार लागला. सरोज आणि तिचा नववीतला भाऊ नीळकंठ पाय वर घेऊन "हुर्रे!" करत सुटले. नीळकंठने सहज मागे पाहिलं आणि कच्चकन ब्रेक दाबला.

"ए वैजू! उतारावर पायडल का मारतेयस?"

"नाही मारलं तर थांबते ना सायकल!"

"उतारावर थांबते? अरे यार, ये तो गडबड है!"

वैजू चमकली. तिला वाटत होतं, आपलेच पाय कच्चे! सायकल शेजारच्या लीलाताईची, आजच पहिल्यांदा हातात आलेली. ती एरवी जड चालते की हलकी, हे वैजूला कुठलं ठाऊक? तिघं रस्त्याच्या कडेला थांबली. सरोजने सीट धरून मागचं चाक उचललं, वैजूने जोरात फिरवलं. खर्रर्र! अर्धा फेरा होतो न होतो तोच चाक गप्प!

"ब्रेक चिकटलाय! पाना कुठाय?" वैजूने विचारलं.

"जीपमध्ये. आणि हे बघ," नीळकंठने ब्रेकच्या नटाकडे बोट दाखवलं. नटावर पिवळ्या रंगाचा पट्टा ओढलेला होता.

झालं! मधुकरकाका कारखान्यात तपासणी खात्यात होते. तिथे नट कसून झाला की त्यावर पिवळा पट्टा ओढायचा, मग त्याला कुणी हात लावायचा नाही, अशी रीत. काल त्यांनी सगळ्या सायकली अंगणात मांडून तसेच पट्टे ओढले होते. काकांचा पट्टा म्हणजे ब्रह्मवाक्य!

जीप येऊन थांबली. वैजूने सगळं सांगितलं, तर काका भडकलेच. "माझ्या हातून पास झालेली सायकल आहे ती! नाचता येईना अंगण वाकडं! दिवाणगंजच्या चहाच्या टपरीशी आलीस, की बस मुकाट्याने जीपमध्ये."

जीप धूळ उडवत पुढे गेली. सरोज हिरमुसली. वैजूचं मात्र डोकं चालू लागलं होतं. तिने दोघांच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि तिघं खुदखुदत निघाली.

टपरीपाशी सगळी मुलं चहा पीत होती. वैजू घामाघूम होऊन पोचली. काकांनी जीपच्या टपाकडे बोट दाखवलं.

"बसते काका," वैजू साळसूदपणे म्हणाली. "पण हा नीळकंठ काय म्हणतो ऐकलंत? म्हणतो, काकांना आता सायकल झेपत नाही, म्हणून ते जीपने येतात!"

"काय?" काकांच्या मिशा थरथरल्या. "अरे, मी रोज सायकलने कारखान्यात जात होतो! आण ती सायकल! त्या चिंचेला वळसा घालून दाखवतो!"

मुलांनी टाळ्या पिटल्या. काका ऐटीत निघाले. चिंचेपर्यंत जाता जाता ऐट ओसरली. परतताना चेहरा लालबुंद, श्वास फुललेला!

"सायकल आहे... की जातं?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"पास झालेली सायकल आहे काका!" सरोज म्हणाली, आणि एकच हशा पिकला.

काकांनी चाक फिरवलं. खर्रर्र! ते मटकन खालीच बसले.

"काल तपासलंत कसं?" वैजूने हळूच विचारलं.

"तू नवशिकी, म्हणून तुझे ब्रेक मुद्दाम जास्त कसले. दाबले, चाक थांबलं, ओढला पट्टा. सोडल्यावर फिरतं का, ते... ते पाहिलंच नाही गं मी!" काका ओशाळून म्हणाले. मग त्यांनी स्वतः पाना आणला आणि नट सैल केले. "पोरी, तू इथवर ब्रेक लावून आलीस! माझी तर चिंचेपर्यंत दमछाक झाली!"

वैजूला वाटलं, आपल्याला पंख फुटलेत! सायकल आता नुसत्या स्पर्शाने धावत होती. तिने सरोजला गाठलं, नीळकंठला मागे टाकलं. पाय दुखत होतेच, पण ते कच्चे नव्हते, हे आता तिला पक्कं ठाऊक होतं. सांचीच्या टेकडीचा चढ आला तेव्हा भलेभले उतरून सायकल ढकलू लागले. वैजू सीटवरून उठली, उभी राहून पायडल मारत वर गेली, आणि स्तूपाच्या फाटकाशीच तिने पाय टेकला.

बसने पुढे आलेल्या आया तिथे डबे उघडून बसल्या होत्या. मागोमाग जीपमधून उतरलेले मधुकरकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "प्रमिलावहिनी, चूक माझी आणि पराक्रम तुमच्या लेकीचा! मी मारलेला पट्टा खोटा ठरवला पोरीने!" आणि त्यांनी झाला प्रकार सांगून टाकला.

आईने पदराने वैजूचं तोंड पुसलं. शेजारी एक परकं कुटुंब सावलीत बसलं होतं. त्यांतल्या बाईंकडे वळून आई मोठ्याने म्हणाली, "ये मेरी बेटी है. भोपाल से साइकिल पे आयी है!"

"इतनी दूर? और वापस?" बाईंनी विचारलं.

वैजूने धास्तावून आईकडे पाहिलं. आता ही बसचं नाव घेणार!

"वापस?" आई ताठ मानेने म्हणाली. "कल साइकिल पे ही जायेगी!"