सत्तेचाळीस नंबरचा साग

"मी पळून न्हाई आले," दारात उभ्या पोरीनं आधीच सांगून टाकलं. "तिकीट काढून आले."

नांदेडच्या बसस्थानकामागं, झेरॉक्सच्या दुकानावर सुकन्या बिराजदारची एका खोलीची कचेरी होती. खासगी तपास करणारी बाई म्हणून निलंग्यापासून हदगावपर्यंत तिला लोक ओळखत. चांगलं म्हणणारे थोडे, वाईट म्हणणारे जास्त. कोपऱ्यात ज्ञानोबा मामा बसलेले. मुरुडचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. आता तिची जीप चालवत आणि कुणी न विचारता मत देत.

मामांनी हात पुढं केला. "बघू तिकीट."

पोरीनं खरंच दिलं.

"हदगाव ते नांदेड. पोरगी खरी हाय," मामांनी निकाल दिला.

"तिकिटावरून?" सुकन्या म्हणाली. "बस गं. नाव सांग."

पंचशीला. वय एकोणीस. तिच्या कॉलेजचं वन आणि निसर्ग संपत्तीचं शिबिर हदगावच्या पुढं, संस्थेच्या सागाच्या बनात चालू होतं. सात दिवसांचं. आज सहावा.

"नंबर पडलेल्या झाडांचा घेर मोजायचा. छातीच्या उंचीवर टेप लावायचा, आकडा लिहायचा. पुसटलेले नंबर परत रंगवायचे. आज सकाळी सत्तेचाळीस नंबरचं झाड तोडलेलं निघालं. बाजूला आमच्या गटाची करवत. रविकांत सर सगळ्यांसमोर म्हणले, पंचशीलानं तोडलं."

"तूच का?"

"मी रोज पाच वाजता एकटी धावायला जाते. पुढच्या महिन्यात वनरक्षक भरती हाय. उद्या संस्थेचे विश्वस्त येणार, मग सर पोलिसांत अर्ज देणार. गुन्हा दाखल झाला की भरती संपली. माझी आजी मोळ्या विकायची. सर म्हणले, यांच्या घरातलंच वळण हाय."

सुकन्यानं तिचे हात उलटसुलट करून पाहिले. नखांत पांढरा रंग वाळला होता.

"मामा, जीप काढा."

"चहा?"

"तिथं."

*

सागाचं बन म्हणजे डांबरी रस्त्यापासून नाल्यापर्यंत गेलेल्या सरळ रांगा. प्रत्येक बुंध्यावर पांढऱ्या रंगात नंबर. शेहेचाळीस आणि अठ्ठेचाळीसच्या मधे एक बुटका खुंट. वरचा काप ताजा, पिवळा. खाली मूठभर भुसा. खुंटाच्या कडेला पाच-सहा ठिकाणी ओला चिखल थापलेला.

सुकन्यानं बोटानं चिखल खरवडला. खाली नखाएवढे ताजे घाव होते.

"लाकूड गेलं की," मामा म्हणाले. "गाडीवर घातलं असंल."

"फांद्या, शेंडा, पानं? तीही गाडीवर घातली?"

मामांनी इकडंतिकडं पाहिलं. "लई टापटीप चोर दिसतो."

"पंचशीला, हे झाड तू मोजलं होतंस?"

"झाड नव्हतंच. मंगळवारी इथं सागाचं झुडूप होतं, माणसाएवढं. सरांना सांगितलं सत्तेचाळीस नंबर न्हाई. सर म्हणले, तू रांग चुकलीस, मी बघतो. मी म्हणले, उद्या परत मोजते. तर गट दुसऱ्या रांगेला लावला."

*

रविकांत सर मंडपात खुर्चीवर बसले होते. शिबिराचे प्रमुख आणि वर्षभर बनाची देखरेखही त्यांच्याकडंच. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. उजव्या बाहीच्या टोकाला मात्र तांबूस डाग.

"बाई, तुम्हाला इथं कुणी बोलावलं?"

"जिचा उद्या बळी देणार आहात, तिनं."

"भाषा जपा. मुलगी हुशार आहे, मलाही वाईट वाटतं. पण संस्थेचं झाड आहे."

"एकटीनं तोडलं, एकटीनं नेलं?"

"घरचे आले असतील. त्यांना सवय असते."

"कुणाला?"

सरांनी बाही ओढून सरळ केली. मामा खाली वाकून बाही बघत होते. "पान खाता का सर?"

"व्यसन नाही हो मला. झाडांच्या नंबरांचा रंग आहे. पोरं लावून राहिली ना."

मामांनी मान डोलावली. सुकन्यानंही.

*

राखणदार शिवशंकर अवजारांच्या खोलीपाशी बिडी विझवून उभा राहिला.

"किल्ली खिळ्याला असते बाई. कोणीबी घेतं. मला शिबिरापुरतंच ठेवलंय, अन् काल मी घरी होतो हदगावला, लेकराला ताप होता."

"पहाटे इथं कोण फिरतं?"

"ही पोरगी पळते. सर फिरतात. मोरबी फिरतात, पण ते करवत घेत न्हाईत."

अमरेश हा पंचशीलाच्या गटातला. ती टेप धरायची, तो वही लिहायचा. सुकन्यानं वही मागितली, तर त्यानं ती छातीशी धरली.

"सरांना विचारून देतो."

"माझ्या तोंडावर बघून बोल ना," पंचशीला म्हणाली. "सत्तेचाळीसला काय लिहिलं होतं आपण?"

"आठवत न्हाई."

"लाज आठवती का?"

अमरेशनं वही सोडली. मंडपात गेल्या वर्षीचं रजिस्टर होतं. सुकन्यानं दोन्ही शेजारी ठेवून मोठ्यानं वाचलं.

"शेहेचाळीस. गेल्या वर्षी अठ्ठ्याण्णव सेंटीमीटर, यंदा शंभर. अठ्ठेचाळीस. गेल्या वर्षी एकशे चार, यंदा एकशे सहा. सत्तेचाळीस. गेल्या वर्षी एकशे बारा, यंदा एकशे बारा." तिनं वही मिटली. "मामा, आता चहा."

स्वयंपाकाची ओसरी मंडपाला लागूनच होती. साखराबाईनं चुलीवरचं भगुणं उतरवलं आणि मामांकडं एक जाड गोल लाकडी पाट सरकवला. वरून करडा, भेगाळलेला.

"बसा दादा. सकाळी जळणात सापडला. एवढा गोल, देखणा, जाळावं वाटलं न्हाई. पाट केला."

मामा फतकल मारून बसले. "झ्याक हाय."

सुकन्या चहाचा घोट घेत पाटाची कड बघत राहिली. कड चार बोटं जाड होती.

"साखराबाई, ताट वाजवा. सगळ्यांना बोलवा."

*

चाळीस पोरंपोरी जमली. सर घड्याळ बघत आले.

"झाड आज पहाटे तोडलं म्हणता," सुकन्यानं सुरुवात केली. "मग शेंडा कुठं? सागाचं एक पान सुपाएवढं असतं. पूर्ण झाड पडलं तर वाट बुजून जाते. तिथं मूठभर भुसा आहे. मूठभर भुशात करवत फार तर एकदा आरपार गेली; झाडाचे तुकडे करून न्यायचं तर भुशाचा ढीग पडतो."

"म्हणजे?" शिवशंकरनं विचारलं.

"म्हणजे आज झाड तोडलं नाही. खुंट तोडला. झाड उन्हाळ्यातच गेलं, कॉलेज बंद असताना. सागाचा खुंट मरत नाही, पावसाळ्यात कडेनं फुटवे काढतो. पंचशीलानं मंगळवारी झुडूप पाहिलं ते हेच फुटवे. आज ते नाहीत. खुंटाला पाच-सहा घाव आहेत, त्यावर चिखल थापलाय. जुना खुंट ताजा दिसावा म्हणून कुणीतरी फुटवे छाटले आणि खुंटाची वरची चकती कापून काढली."

"कल्पना चांगली आहे," सर म्हणाले. "पुरावा?"

"आहे. मामा, उठा."

"चहा संपू द्या की."

"मामा, तुम्ही पुराव्यावर बसलात."

मामा चहा सांडत उठले. सुकन्यानं पाट उलटा केला. वरची बाजू करडी, उन्हापावसानं भेगाळलेली. खालची पिवळीधमक. शिवशंकरनं तो उचलला, धावत खुंटाकडं नेला, सगळी पोरं मागं. चकती खुंटावर ठेवून त्यानं थोडी फिरवली. सालीची खाच खाचेला जुळली.

"बसली," तो म्हणाला.

"चकती जळणात टाकणाऱ्याला वाटलं, स्वयंपाकीणबाई डोळे मिटून चूल पेटवते," सुकन्या म्हणाली. "साखराबाई डोळे उघडे ठेवून पेटवतात."

"पण सरच कशावरून?" कुणीतरी मागून विचारलं.

सुकन्यानं चिखलात अर्धवट दबलेला फुटव्याचा शेंडा उचलला आणि मामांच्या तळहातावर कोवळं पान चुरडलं. तळवा लालभडक झाला.

"सागाचं कोवळं पान असा रंग सोडतं. सर म्हणाले, बाहीवर नंबरांचा रंग आहे. नंबर बघा. एकूण एक पांढरे."

चाळीस डोकी बुंध्यांकडं वळली आणि मग सरांच्या बाहीकडं. सरांनी हात मागं घेतला.

"आणि वहीतला आकडा. सगळी झाडं वर्षभरात वाढली, सत्तेचाळीस तेवढंच राहिलं. एखादं झाड थांबतंही, म्हणून मी तेवढ्यावर थांबले नाही. पण गेल्या वर्षीचं रजिस्टर बघून आकडा भरला तर असंच होतं. अमरेश?"

अमरेश खाली बघत होता. पंचशीला त्याच्याकडं.

"मी रकाना कोरा सोडला होता," तो शेवटी म्हणाला. "सरांनी भरला. म्हणले, प्रॅक्टिकलचे मार्क माझ्या हातात हायेत."

"उद्या विश्वस्त रांगा मोजणार होते," सुकन्या म्हणाली. "झाड नाही हे वर्षभर बनाची देखरेख करणाऱ्या एकाच माणसाला माहीत होतं आणि एकच पोरगी ते मोठ्यानं बोलली होती. झाडाचा हिशोब तिच्या माथी मारला की तिचं बोलणंही खोटं ठरतं."

रविकांत सरांनी घसा साफ केला. आवाज एकदम मऊ झाला.

"हे बघा, शिबिराचं नाव खराब होईल. सगळ्यांची सर्टिफिकेटं अडकतील. पंचशीला, बेटा, अर्ज नाही देत मी. तुला माफ केलं. विषय मिटला."

सर्टिफिकेटाचं नाव निघालं की पोरं गप्प होतात, हे सरांना वीस वर्षांच्या नोकरीत पाठ झालं होतं.

"मला माफ केलं?" पंचशीला म्हणाली. "काय केलं म्हणून?"

"अगं, तसं नाही..."

"सकाळी चाळीस जणांसमोर माझी आजी काढली तुम्ही. व्हय, विकायची ती मोळ्या. वाळलेलं वेचून. उभं झाड तिनं कधी पाडलं न्हाई." तिनं टेप उचलला. "अमरेश, वही घे."

अमरेशनं सरांकडं पाहिलं. मग वही घेतली, पेन उघडलं.

पंचशीलानं गुडघे टेकून खुंटाभोवती टेप फिरवला आणि आकडा वाचला. शांतपणे, जसा रोज वाचायची तसा. "पुढं लिही. सत्तेचाळीस नंबर: झाड नाही, खुंट आहे. जुना आकडा खोटा. आणि खाली आपल्या दोघांच्या सह्या."

त्यानं लिहिलं. तिनं सही केली, त्यानं केली. मग शिवशंकरनं पेन मागितलं. साखराबाई पदराला हात पुसत पुढं आल्या. पोरांची रांग लागली.

"उद्याचा अर्ज द्यायचाच हाय सर," पंचशीला म्हणाली. "फक्त देणारी मी."

परतताना जीपमध्ये मामा बराच वेळ लाल तळवा बघत होते.

"धुतल्यावर जातो का हो हा?"

"लगेच नाही."

"मंग ते सर शर्ट बदलायला गेले, त्याचा काय उपेग?"

"काही नाही, मामा. चाळीस जणांनी बघितलाय."