सुनेचे गोंदण

"आई, जिन्यावर एक मनुष्य उभा आहे. चढतो, उतरतो, परत चढतो. मिशा अगदी हवालदाराच्या. हा नक्की सिंह काढून घेणार आणि सुई लागताच बेशुद्ध पडणार."

कीर्तीने हे फोनवर सांगितले ते मराठीत, आणि मुळीच आवाज न दाबता. कुंभकोणमच्या बाजारात मराठी म्हणजे आतून लावलेली कडी. उंबऱ्याबाहेर सगळा व्यवहार तमिळचा. महामहम तळ्याच्या काठी, पितळी समयांच्या दुकानावरच्या माडीत तिचे टॅटूचे दुकान होते, आणि तिथे येणाऱ्या कोणालाही तिची ही भाषा आजवर कळली नव्हती.

"सिंह नको," दारातून आवाज आला... तोही मराठीतच. "माझी पोहोच गाई-म्हशींपर्यंत. बेशुद्ध पडण्याचे मात्र खरे आहे. त्याची काही सोय होईल का?"

कीर्तीच्या हातून फोन निसटून शाईच्या बाटल्यांत पडला. त्याने तो उचलून पुसून दिला, आणि देताना हसू दाबण्याचा प्रयत्नही केला नाही.

त्याचे नाव विष्णुवर्धन. चोळपुरमच्या सरकारी दवाखान्यात तो गुरांचा डॉक्टर होता. ज्या आज्जीने त्याला वाढवले, ती मागच्या वर्षी गेली होती, आणि तिची आठवण म्हणून हातावर काहीतरी काढून घ्यावे असे त्याच्या मनात होते. काय काढावे, ते मात्र ठरत नव्हते. बैलाला सुई टोचताना ज्याचा हात हलत नसे, तो स्वतःच्या दंडाजवळ सुई आली की खिडकीबाहेरचे देऊळ पाहू लागे.

कीर्तीने त्याच्यापुढे नमुने मांडले. आपल्या कामात ती पक्की होती. कमळ मागणारा कसलातरी चिखल तुडवून आलेला असतो, उडते पक्षी मागणारी मुलगी घर सोडण्याच्या विचारात असते, आणि जो स्वतःच्या प्रेयसीचे नाव मागतो त्याला आठ दिवस थांबवून परत बोलवावे, हे तिला अनुभवाने कळले होते.

"मोर?" तिने विचारले.

"अर्थ काय त्याचा?"

"सौंदर्य. शिवाय मुरुगनचे वाहन."

"आज्जीची वांग्याची रोपे मोरांनी खाल्ली होती. ती रागाने परत येईल."

"मग जहाजाचा नांगर. स्थैर्य."

"आमच्या ओढ्यात गुडघाभर पाणी नाही. नांगर टाकू कुठे?"

"डॉक्टर, तुम्हांस नक्षी हवी आहे की भांडण?"

"दोन्ही एकाच ठिकाणी मिळत असेल तर बसभाडे वाचेल," तो म्हणाला, आणि कीर्तीला मान फिरवून उगाच शाईची झाकणे घट्ट करावी लागली.

अखेर तिने एक तोड काढली. नुसत्या पेनाने त्याच्या मनगटावर एखादी नक्षी काढायची, ती त्याने आठवडाभर वागवायची, मन बसले तर गोंदायची. तो शनिवारी येई. मागची नक्षी घामाने, साबणाने, एखाद्या वासराच्या जिभेने अर्धी गेलेली असे. उरलेली ती ओल्या कापसाने हळूहळू पुसून काढी. त्या पुसण्याला लागावा त्याहून अधिक वेळ लागू लागला. आणि दोघांनाही ते कळत होते.  खालून दाट डिग्री कॉफीचे दोन दवरे, पितळी वाटीत ठेवलेले पेले, येत. एक थंड होई, दुसराही होई.

घरी ज्या भाषेत आपण भाजीत मीठ कमी पडल्याचे सांगतो, त्याच भाषेत कोणी आपल्याला चिडवावे, हे सुख कीर्तीला नवे होते. त्या सुखात ती इतकी गुंतली की घरातल्या थोरांनी पहिल्या भेटीतच जे पुसले असते, ते तिने पुसलेच नाही. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या इकडच्या मराठी माणसाला आडनाव उरलेले नाही. वडिलांच्या नावाचे एक अक्षर पुढे आणि राव मागे, एवढ्यावर पिढ्या निघून गेल्या. नावावरून कूळ कळावे अशी सोय नाही. मराठी बोलतो, म्हणजे आपलाच—एवढेच तिने धरले. आपला म्हणजे किती आपला, हा प्रश्न तिच्या मनाला शिवला नाही.

इकडच्या पावसाळ्याच्या ऐप्पसी महिन्यातला तो शनिवार. तळ्यावर पाऊस उभा होता, पायऱ्या दिसत नव्हत्या, आणि खालचा दुकानदार समया आत ओढत होता. विष्णुवर्धन भिजून आला. मनगट पुढे करण्याऐवजी त्याने तिच्या हातातले पेन काढून घेतले.

"आज मी काढतो. हात द्या... डावा."

"तुम्हांस गाईचे चित्र तरी येते का?"

"एकच नक्षी येते. लहानपणापासून पाहिलेली."

तिने हात दिला. कोपराच्या खाली, आतल्या मऊ बाजूस, त्याने ठिपके मांडले—तीन रांगा, प्रत्येकी तीन. मग रांगोळीसारखी एक रेघ त्यांच्याभोवती फिरवीत नेली. पेनाचे टोक गार होते. कीर्ती आधी त्याच्या ओल्या केसांकडे पाहत होती, मग पापण्यांकडे, आणि मग, केव्हातरी, स्वतःच्या हाताकडे.

"हे आज्जीच्या हातावर होते," तो खाली पाहूनच बोलत होता. "आमच्या घरात सून आली की सासू तिच्या हातावर हे गोंदवून घेई. लेकीला नाही, फक्त सुनेला. माझ्या आईने नको म्हटले, तिथेच ते राहिले. हा एक कोपरा मात्र जोडायचा नाही... सुनेला माहेरची वाट मोकळी असावी म्हणून." त्याने रेघ थांबवली. कोपरा उघडा राहिला. "कीर्ती, ही नक्षी माझ्या हातासाठी नाही. दुसऱ्या शनिवारनंतर मी माझ्या हातासाठी आलोच नाही."

ज्या वाक्याची तिने इतके दिवस वाट पाहिली, ते आले होते. तिला ते ऐकू आले, पण कुठून तरी लांबून. कारण ती नक्षी तिने जन्मभर पाहिली होती. भात वाढणाऱ्या, वेणी घालणाऱ्या, ताप आल्यावर कपाळावर टेकणाऱ्या हातावर. तिच्या आईच्या डाव्या हातावर.

"ही आज्जी..." तिने विचारले, "तुमच्या बाबांची आई?"

"हो. का?"

 उद्या घरी या, आईला भेटा, एवढेच ती बोलली. त्याने त्याचा जो अर्थ घेतला तोच कोणीही घेतला असता. तो भर पावसात जिना उतरला तो शीळ घालीत.

रात्रीच्या जेवणाला कीर्तीने लांब बाह्यांचा कुडता घातला आणि आईच्या हातावरून नजर हलवली नाही. एक आशा तिने धरून ठेवली होती. गोंदणाऱ्या बायका गावोगाव हिंडत. एखादीला तेवढी एकच नक्षी येत असेल, तिने ती दहा घरच्या सुनांना टोचली असेल. तसे असेल. तसेच असले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी तो आला. तबकात विड्याची पाने, केळी, आणि मोगऱ्याचा गजरा. तिचे वडील गुरुमूर्तिराव रेल्वेतून निवृत्त झालेले, थोडे बोलणारे गृहस्थ. त्यांनी त्याला बसवले आणि तो कोण, कुठला, हे विचारायला सुरुवात केली. तेवढ्यात मीनाक्षीबाई, कीर्तीची आई, कॉफी घेऊन आल्या आणि त्यांनी दवरा पुढे केला. विष्णुवर्धनाची नजर त्यांच्या हातावर पडली.

"अरे," तो निर्मळ आनंदाने म्हणाला, "हे तर आमच्या सीतालक्ष्मी आज्जीच्या हातावरचे. हा उघडा कोपरासुद्धा."

गुरुमूर्तिराव उठून उभे राहिले. हा कोपरा दुसऱ्या कुठल्याच घरात नाही, हे त्यांनी सांगितले. आमच्याच घरच्या एका पणजीने तो घालून दिला, आणि आम्ही तो कोणास दिला नाही. मग त्यांनी विचारले, पणजोबांचे नाव काय? हनुमंतराव, असे उत्तर आले. हनुमंतराव म्हणजे गुरुमूर्तिरावांच्या आजोबांचे धाकटे भाऊ. थोरल्याशी भांडून चोळपुरमला निघून गेले ते परतलेच नाहीत. मागे कोणी राहिले की नाही, हेही इकडे माहीत नव्हते.

कीर्तीने वडिलांना कधी रडताना पाहिले नव्हते. आज पाहिले.

"बाळा, मजला मुलगा नाही," ते विष्णुवर्धनाचे दोन्ही हात धरून म्हणाले. "माझ्यामागे तिळाचे पाणी कोण देईल, हा घोर मी कोणापाशी बोललो नाही. हिच्यापाशीही नाही. पांडुरंगाने तुजला दारात आणून उभे केले. कीर्ती, ये इकडे. भाऊ मिळाला तुजला."

विष्णुवर्धनाने कीर्तीकडे पाहिले. काल तिने ते का विचारले, ते त्याला आता कळले. त्याच्या हातातला दवरा कलला आणि कॉफी तबकातल्या पानांवर सांडली. मीनाक्षीबाईंनी पाने पाहिली, गजरा पाहिला, लेकीच्या बाहीखालून डोकावणारी शाईची रेघ पाहिली... आणि स्वतःच्या हातावर पदर ओढून घेतला.

शनिवारी तो माडीवर आला तेव्हा पेन कोणी हातात घेतले नाही.

त्याने जे मांडले ते सगळे खरे होते. कायद्याला गोत्राशी देणेघेणे नाही. रजिस्टर ऑफिसात दोन सह्या पुरतात. चार पिढ्यांपूर्वी दोन भाऊ भांडले, त्याची शिक्षा आपण का भोगायची? तो बराच वेळ बोलला. कीर्ती ऐकत राहिली. तिने मनात हे सगळे त्याच्या आधीच बोलून पाहिले होते.

"अप्पा रोज संध्याकाळी बाहेर ओट्यावर बसतात," ती म्हणाली. "जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून सांगतात, आमचा मुलगा डॉक्टर आहे. इतकी वर्षे ते असे बोललेले मी ऐकले नाहीत. आपण सह्या करू. संध्याकाळी त्यांना काय सांगू? तुमचा मुलगा जावई झाला?"

"आणि आपण?"

"आपले काही उरले आहे असे तुम्हांस वाटते?"

त्याला वाटत होते. त्याने तसे सांगितले. तिने तोंड फिरवले, कारण तिलाही वाटत होते, आणि ते वाटणे घरी घेऊन जाण्यासारखे नव्हते. हातावरची शाई तिने धुतली नव्हती. ती आपोआप फिकटत चालली होती, आणि रोज सकाळी ती किती गेली ते पाहणे, एवढाच तिच्या प्रेमाचा हिशेब उरला होता.

दिवाळी झाली. भाऊबीजेला विष्णुवर्धनाने यावे असा गुरुमूर्तिरावांचा आग्रह होता, आणि त्यांना नाही म्हणायला त्याच्यापाशी सांगण्याजोगे एकही कारण नव्हते. मधल्या खोलीत पाट मांडला गेला. निरांजन, कुंकू, सुपारी, नारळ—गुरुमूर्तिरावांनी स्वतः तबक लावले. या घरात लेकीने ओवाळावे असा दिवस प्रथमच आला होता. विष्णुवर्धन पाटावर बसला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. एकदा ती ज्योत त्याच्या तोंडाभोवती फिरली की मग कुठलाही कायदा कामाचा नव्हता. नाते बाहेरचे राहणार नव्हते, ते कडीसारखे आतून लागणार होते.

कीर्ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.  वडिलांनी दुसऱ्यांदा हाक मारली.

तिने तबकाकडे हात नेला तेव्हा मीनाक्षीबाई मध्ये आल्या.

"तिने शिवू नये," त्या शांतपणे म्हणाल्या. "ती आज बाहेरची आहे."

ते खोटे होते. ज्या बाईने देवापुढे कधी फुलाएवढी गोष्टही खोटी सांगितली नव्हती, तिने पेटल्या निरांजनासमोर हे सांगितले, आणि सांगताना लेकीकडे पाहिलेसुद्धा नाही. गुरुमूर्तिराव संकोचाने खाली बघू लागले. बरे, मग पुढल्या वर्षी, असे पुटपुटून त्यांनी ज्योत मालवली.

कीर्ती मागच्या पडवीत जाऊन बसली. बाहेरची म्हटल्यावर तिथेच बसणे प्राप्त होते. पाऊस केळीच्या पानांवर एकसारखा वाजत होता.  जेवणे झाली. मग हात धुवायचे निमित्त करून तो मागे आला आणि चार हात लांब उभा राहिला. त्याहून जवळ यायची आज दोघांनाही मुभा नव्हती.

"तुमच्या आईंनी..." तो म्हणाला.

"हो. पण एकदाच चालेल ते."



"पुढल्या वर्षी तुम्ही येऊ नका," कीर्ती म्हणाली. "बदली मागून घ्या."

"किती लांब?"

"दिवाळीला येता येणार नाही इतकी."

त्याने मान हलवली. मग, खाली पाहत, त्याने विचारले, "आणि अप्पांचे काही बरेवाईट झाले तर?"

"तेव्हा या. तेव्हा तुमच्यावाचून कोणी नाही." ती पावसाकडे वळली. "सुतकात मी ओवाळायचे नसते."

आतून गुरुमूर्तिरावांनी त्याला हाक मारली—बाळा, पान खाऊन जा. तो आत गेला.