पायात नुसते मोजे

सुट्टीची पुरवणी सुट्टीच्या चार दिवस आधी छापून आली त्या सकाळी नऊ वाजता वर्तमानपत्राच्या कात्रण विभागातला फोन खणखणला.

"काचेतल्या माणसाबद्दल तुम्हीच लिहिलंय ना?" पलीकडून एका बाईचा आवाज आला. "तो खोटा नाहीये. ते माझे वडील असावेत."

कात्रणबाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. एकतीस वर्षं त्या कालचा पेपर कापून फाइलींत लावत आल्या होत्या. सगळं ऑफिस त्यांना कात्रणबाई म्हणे, आणि आता घरचे लोकही म्हणू लागले होते. वर्षातून एकदा मात्र त्यांचं लिखाण छापून येई. सगळा बाजार आठ दिवस बंद असतो त्या सुट्टीच्या पुरवणीत, गावभर फिरणारी एखादी भीतीची गोष्ट घेऊन त्या तिची सालं काढत. पोट भरलं, झोप झाली, की माणसाला थोडी भीती हवीशी वाटते, असं संपादकांचं मत होतं. खप बघता त्यात तथ्य होतं.

यंदाची गोष्ट तर शेंबड्या पोरालाही पाठ. बाजारातलं कापडाचं मोठं दुकान सुट्टीसाठी बंद झालं आणि शोकेस सजवणारा माणूस आत अडकला. उभ्याउभ्या मेला. आठ दिवस लोक येता-जाता त्याला पुतळा समजून बघत राहिले. कोणीतरी त्याच्यासमोर टाळी वाजवली, तरी तो हलला नाही.

बाईंनी वाचकांची पत्रं मागवली होती, त्रेचाळीस आली. कुणाच्या पत्रात आठ दिवसांचे पंधरा झाले होते, कुणाच्यात माणसाची बाई झाली होती. स्वतः पाहिलेला एकही नाही. पाहिलं होतं ते नेहमी मावशीच्या शेजारणीच्या भावाने. दोनच गोष्टी कुठल्याही पत्रात बदलल्या नव्हत्या. टाळी, आणि त्याच्या पायात बूट नव्हते, नुसते मोजे होते. बाईंनी हे गंमत म्हणून लिहिलं आणि शेवटी ठणकावलं: असा मृत्यू कुठल्याही नोंदीत नाही, गोष्ट सपशेल खोटी.

दुपारी ती बाई समोर येऊन बसली. तिशीची, नर्सच्या गणवेशात. तिने पुरवणी घडी घालून आणली होती, आणि मोज्यांच्या ओळीखाली पेनाने रेघ मारली होती.

"वडील काय करायचे?"

"त्याच दुकानात शोकेस सजवायचे. आत जाताना बूट काढून ठेवायचे. ते लोक मोज्यांवरच काम करतात, खालच्या पांढऱ्या कापडावर डाग पडू नयेत म्हणून. हे बाहेरच्या कुणाला माहीत असणार?"

"आणि मग?"

"मी सहा वर्षांची होते. सुट्टीच्या आदल्या दिवशी कामावर गेले ते आलेच नाहीत. दुकानातून निरोप आला की हिशेब घेऊन एका बाईबरोबर गेले. आईने त्या दिवसापासून त्यांचं नाव टाकलं. घरात एक फोटो नाही."

"पोलिसांत कोणी गेलं?"

"मामा गेला. तोही तिथेच कामाला होता. कुठे बेवारस माणूस सापडला की तोच बघायला जायचा. आईला म्हणायचा, तू नको येऊस, तुला झेपणार नाही. त्यानेच आम्हाला सांभाळलं. माझ्या शिक्षणासाठी त्याने लग्नही केलं नाही."

नर्स जरा थांबली. "बाई, मला एवढंच कळायला हवं. ते आम्हाला सोडून गेले, की गेले नाहीत?"

कात्रणबाईंना स्वतःचीच लाज वाटली. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं लोकांबद्दल म्हणायचं आणि आपण तरी काय केलं होतं? दुकानात मेलेला माणूस फाइलींत शोधला. दुकानाबाहेर सापडलेला शोधलाच नाही.

त्या शिडी चढल्या, चोवीस वर्षांपूर्वीच्या सुट्टीची फाइल काढली. पानं पिवळी पडून कडा झडत होत्या. तिसऱ्या कात्रणावर त्यांचं बोट थांबलं. चारच ओळी होत्या.

"नदीकाठी मृतदेह. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पस्तिशीच्या पुरुषाचा मृतदेह चिखलात आढळला. अंगावर जखम नाही. पायात राखाडी मोजे, तळवे स्वच्छ. कॉलरच्या आत टाचण्या. एक नातेवाईक पाहून गेले, ओळख न पटल्याने बेवारस म्हणून दफन, क्रमांक एकशे बारा."

नर्सने ते दोनदा वाचलं. रडली नाही. "टाचण्या कॉलरलाच लावायचे," एवढंच म्हणाली.

दुकानाचे जुने मॅनेजर आता पंच्याहत्तरीचे होते. मालक बदलले तरी रोज दुपारी दुकानात येऊन गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसत. त्यांनी दोघींना शोकेसमागे नेलं. तिथे फळीचं एक बुटकं दार होतं, कडी बाहेरून.

"कडी बाहेरून का?" कात्रणबाईंनी विचारलं.

"गिऱ्हाइकांची पोरं आत शिरायची. आतून उघडायचं काम काय?"

"सुट्टीत काच उघडी असायची?"

"छे! चार वाजता आधी शटर खाली. आठही दिवस खालीच. म्हणून तर ती गोष्ट ऐकली की मला हसू येतं. लोखंडातून कुणाला दिसला पुतळा?"

"त्या दिवशी सजावट करणारे आत होते?"

"तीन वाजेपर्यंत होता. सुट्टीनंतरची सजावट करत होता. पाठीमागे कापड सोल्यूशनने चिकटवायचे, त्याचा वास असा की डोकं गरगरायचं. म्हणून आत पंखा होता, वास बाहेर ओढणारा. पुढचं मला ठाऊक नाही, मी दुकानातल्या लोकांच्या सहलीच्या बसपाशी होतो."

"शेवटी बंद कोणी करायचं?"

"चावीवाल्याने. आत फिरून बघायचं, मेन स्विच पाडायचा, कुलूप."

"मेन स्विच पाडला की पंखा?"

"तोही बंद."

"आणि ते पळून गेले हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

म्हाताऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "त्याच्या घरूनच निरोप आला होता. घरच्यांनीच सांगितलं म्हटल्यावर आम्ही कशाला खोदत बसू? त्याची राहिलेली रक्कमही घरीच पाठवली."

नर्स काहीतरी बोलणार होती. बाईंनी तिचा हात दाबला.

"मला आत जायचंय," त्या म्हणाल्या. "बूट काढून. आणि मॅनेजरसाहेब, तुम्ही कडी घाला. तू बाहेर रस्त्यावर जा, काचेशी उभी राहा आणि टाळी वाजव. जोरात."

आत चार पुतळे होते, नवे कोट घातलेले. बाई त्यांच्यामध्ये उभ्या राहिल्या. कडी पडल्याचा आवाज झाला आणि दुकानातला सगळा गलबला एकदम पुसला गेला. काचेपलीकडे माणसं तोंडं हलवत चालली होती. एका लहान मुलीने बाईंकडे बघितलं, आईचा पदर ओढला आणि बोट दाखवलं. बाई हलल्या नाहीत, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. नर्स आली, तिने टाळी वाजवली. तीनदा वाजवली. आत काही म्हणता काही ऐकू आलं नाही. बाजूचे चार चेहरे तिच्याकडेच बघत होते. बाईंनी दारावर इतक्या जोरात थाप मारली की मॅनेजर धडपडत आले.

बूट घालून बाई बाहेर पडल्या. मग म्हणाल्या, "मामा घरी कधी असतात?"

"उद्या सकाळी. का?"

"आईंनाही बसव. जे कळलंय ते आधी तुझ्या घरात बोलायला हवं. पोलिसांना मी साडेअकराला बोलावते."

दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. आई पलंगाच्या कडेला पाय सोडून बसली होती, गुडघ्यांनी अधू, नजर तिखट. मामा खिडकीशी. पन्नाशी ओलांडलेला, शांत, दाढी नीट केलेला माणूस. त्याने बाईंना पाणी आणून दिलं.

"काचेतल्या माणसाची गोष्ट तुम्ही ऐकलीय?" बाईंनी विचारलं.

"गावात कोणी नाही ऐकलेली?"

"सगळ्यात आधी कोणाकडून ऐकली?"

"आता काय आठवणार?"

"माझ्याकडे त्रेचाळीस पत्रं आहेत. सगळ्यात आधी ऐकली ती एका टेम्पोवाल्याने, दुकानाचा माल पोचवायचा तो. हिचे वडील नाहीसे झाले त्याच्या पुढच्याच वर्षी, सुट्टीच्या आधी, गोदामात त्याला ही गोष्ट चावीवाल्याने सांगितली. त्याच्या आधी ऐकल्याचं एकाही पत्रात नाही. चावीवाला तुम्हीच ना?"

आईने भावाकडे पाहिलं.

"मी क्रमाने सांगते," बाई म्हणाल्या. "चुकलं तर थांबवा. गोष्टीतलं सगळं बदलत गेलं, दोन गोष्टी नाही बदलल्या. लोक भर घालतात ती स्वतःच्या मनाची, पण जे त्यांना कळत नाही ते जसंच्या तसं पुढे देतात. पायात मोजे का, हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून मोजे राहिले. शटर खाली होतं, तेव्हा रस्त्यावरून त्यांना कोणी पाहिलेलं नाही. मोज्यांवर उभा असलेला माणूस ज्याने पाहिला त्याने आतून पाहिला. टाळीचंही तेच. काचेबाहेरची टाळी आत ऐकू येत नाही, मी काल उभी राहून बघितलंय. ती टाळी आत वाजली होती, बुटक्या दारात उभं राहून."

बाईंनी पिशवीतून ते चार ओळींचं कात्रण काढून आईपुढे ठेवलं.

"नदीकाठच्या चिखलात जो माणूस सापडला त्याच्या मोज्यांचे तळवे स्वच्छ होते. तो चालत गेला नव्हता, त्याला नेऊन ठेवलं होतं. दुकान बंद असताना चावी तुमच्याजवळ. घरी निरोप आला की दुकान म्हणतंय तो पळाला. दुकानात निरोप गेला की घरचे म्हणतायत तो पळाला. दोन्हीकडे जाणारा-येणारा माणूस एकच होता. आणि एकशे बारा नंबरचा माणूस बघून 'हा नव्हे' म्हणणारा नातेवाईकही तोच."

"मामा," नर्स म्हणाली. "तू नाही म्हण. नुसतं नाही म्हण."

मामाने चष्मा काढला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. या माणसाच्या मनात चोवीस वर्षं ते मावळलंच नव्हतं.

"आमचा खेळ होता तो," तो म्हणाला. "मी बंद करायला गेलो की दाजी पुतळ्यांत पुतळा होऊन उभा राहायचा. मी ओळखायचो, टाळी वाजवायचो, मग तो 'भॉक' करून अंगावर यायचा. रोजचं. त्या दिवशी मी टाळी वाजवली, तर पठ्ठ्या हलेना. पुन्हा वाजवली. ओठाच्या कोपऱ्यात हसत होता, मला दिसत होतं. मनात म्हटलं, थांब, आज तुझीच जिरवतो. म्हटलं, राहा मग पुतळ्यांतच. आणि कडी घातली."

"मग?" आईने विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता.

"दहा मिनिटांनी उघडणार होतो गं. मेन स्विच पाडला, त्याबरोबर आतला पंखा थांबून सोल्यूशनचा वास कोंडेल हे डोक्यातच आलं नाही. तोवर बसवाले हाका मारायला लागले, सगळे बसलेत, तुझ्यासाठी खोळंबलेत. कुलूप घातलं, पळालो. घाट लागल्यावर आठवलं. मनाला म्हटलं, फळीचं तर दार, दोन लाथांत उघडेल, आता घरी जेवत असेल. तरी पहाटेच्या पहिल्या गाडीने परत आलो." त्याने तळहात तोंडावरून फिरवला. "लाथा मारल्या होत्या त्याने. कडीचे चारांतले दोन स्क्रू निघाले होते. दोन राहिले."

"तेव्हाच का नाही सांगितलंस?" आईने विचारलं.

"तुझ्या तोंडाकडे बघून धीर झाला नाही. तुला काय सांगू, चेष्टेत मारला? मग एक खोटं लपवायला दुसरं. पण पोटात राहीना. एकदा गोदामात बोलून गेलो, दुसऱ्याच कुणाचं म्हणून. लोकांना आवडलं. हसले, घाबरले, घरी जाऊन सांगितलं. मला वाटलं, सगळं गाव थोडं थोडं वाटून घेतंय. दरवर्षी कुणीतरी मलाच येऊन सांगायचं, ऐकलीस का रे काचेतल्या माणसाची गोष्ट? मी म्हणायचो, नाही, सांग. आणि पूर्ण ऐकायचो."

कात्रणबाईंना त्याचा राग यायला हवा होता. आला तोही, पण त्याबरोबर दरवर्षी मान डोलावत ती गोष्ट ऐकणारा माणूसही डोळ्यांसमोर आला, आणि त्यांना पुढे बघवेना.

आई म्हणाली, "चोवीस वर्षं मी त्याला शिव्या घातल्या. तू समोर बसून ऐकल्यास."

"ताई..."

"त्याचे फोटो मी जाळले. काड्यापेटी तू आणून दिलीस."

मामा उठून तिच्या पायांशी आला. आईने पाय पलंगावर ओढून घेतले.

"पोलीस येईपर्यंत इथेच बस," ती म्हणाली. मग लेकीकडे वळली. "त्या एकशे बारा नंबरपाशी मला घेऊन चल. आत्ता."

"जिने आहेत आई, मामाला..."

"तो नाही."

नर्सने एका बाजूने धरलं, कात्रणबाईंनी दुसऱ्या. पोलीस वर चढत होते, त्यांनी भिंतीशी सरकून वाट दिली. एकेका पायरीवर थांबत आई खाली उतरत होती. पहिल्या मजल्याच्या वळणावर ती उभी राहिली.

"दोन स्क्रू निघाले होते म्हणाला ना तो?"

"हो आई."

"म्हणजे घरी यायला निघाला होता," आई म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसून चोवीस वर्षांत पहिल्यांदा नवऱ्यासाठी रडली.