गिराण सुटायच्या आधी

बसा. सार्थक, पाय ओट्याखाली सोडू नको, खाली काय आहे ते मले माहीत नाही. तनुजा, तू हसून घे. आत्ताच घे, मंग वेळ भेटत नाही.

ही गोष्ट रिठदच्या जगदेवची. वांगी-मेथी लावणारा माणूस. तराजूत अंगठा ठेवायचा, पण खोटं बोलायचा नाही. सन पंचवीस, सप्टेंबरची सात तारीख, रविवार, भादव्याची पुनव. त्या रात्री चंद्राला खग्रास ग्रहण होतं आणि जगदेवला एक गाठोडं द्यायचं होतं. काम एवढंच.

गाठोड्यात त्याच्या मेलेल्या बायकोची, प्रयागबाईची, दोन लुगडी आणि जोडवी. वर्षसराद झालं होतं. दसऱ्यानंतर मानोऱ्याच्या वैजयंतीशी दुसरं लग्न ठरलं होतं, बावन्नाव्या वर्षी. गावाने त्याला वांग्यासारखा भाजून काढला. पोरगा गणेश तर बापाशी बोलेना. एकदाच बोलला, "मायची चिंधीबी या घराभायेर गेली तर मी तुमचा पोरगा नाही."

इकडे रिसोडच्या हिरालाल जोशीबुवांनी पत्रिका पाहून सांगितलं होतं की गिराण तुमच्याच कुंभ राशीत आहे. अशा गिराणात जुनं सुटते, नवं येते. माणसानं मुठी आवळून धरू नये. पहिलीच्या वस्तू दान करा, तवाच दुसरीले घर आपलं म्हणीन. पण चंद्र पुरा सुटल्यावर. रात्री एक सव्वीसच्या नंतर. हे त्यांनी तीनदा सांगितलं. जगदेवने तीनदा मान हलवली. मान हलवण्यात तो हुशार.

आता गिराण सुटलं की दान मागणारे गल्लीत हाळी देत येतात, हे तुम्ही पाह्यलं आहे. दारात दिलं असतं तर गणेशने पाहिलं असतं. म्हणून हा शहाणा साडेदहाला चोरासारखा निघाला आणि गावाबाहेरच्या पुलावर जाऊन बसला. मागणारे त्याच वाटेने येतात. मोबाइल राहिला घरी, चार्जिंगला. आभाळ गच्च भरलेलं, चंद्राचा पत्ता नाही. कठड्याला टेकला आणि त्याचा डोळा लागला.

जाग आली ती हाळीने.

"दे दान... सुटे गिराण..."

सुटलं तर मग. सुटल्याशिवाय मागणारे येतात कुठे? जगदेव उठला, डोळे चोळले. नेहमी सात-आठ जण येतात, पोरं असतात, कंदील असतो, कुत्री भुंकतात. इथे एकच बाई. कंदील नाही. कुत्रं नाही. पदर पसरून रस्त्याच्या मधोमध उभी.

त्याने गाठोडं पदरात टाकलं. बाईने वरचं लुगडं काढलं, नाकाशी धरलं. वास घेतला. बराच वेळ घेतला.

"आणखी."

"जोडवी हायेत त्यात. पाह्य ना."

"आणखी."

जगदेवला राग आला. दान घेणाऱ्याने दोन शब्द बरे बोलावे, ही कसली रीत? त्याने कमरेची चंची दिली. खांद्यावरचा शेला दिला. एवढं टाकूनही पदर वजनाने खाली झुकला नाही. जराही नाही.

"आणखी."

"सारं तं देलं, बाई. आता काय देऊ तुले?"

तिने पदर आणखी पुढे केला.

"नाव दे."

"कोणाचं?"

"येनारीचं."

त्याला फक्त घरी जायचं होतं. एवढंच हवं होतं त्याला. आणि नाव काय, तोंडातून निघालं की झालं...

"वैजयंती," तो म्हणाला.

बाईने पदर मिटला. गाठ मारली. घट्ट.

तेव्हा ढग फाटला. जगदेवने वर पाहिलं. चंद्र तांब्यासारखा लाल होता. अख्खा. कुठूनच सुटलेला नव्हता. खाली पाहिलं... रस्ता मोकळा.

तो घरी कसा पोचला ते त्याला आठवत नाही. घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती, हे मात्र आठवतं.

सकाळी मानोऱ्याहून वैजयंतीच्या भावाचा फोन. म्हणे, लवकर या. काय झालं ते सांगेना.

जगदेव गाडी काढून गेला. वैजयंती अंगणात बसली होती. धडधाकट. भावाने हाक मारली, "वैजयंती, पाव्हणे आले." तिने मान वळवली नाही. भावाने पुन्हा हाक मारली. ती भिंतीकडे पाहत राहिली.

मग भावाने तिचा उजवा हात धरून उन्हात आणला. लहानपणी जत्रेत तिने हातावर आपलं नाव गोंदून घेतलं होतं. हिरवी चार अक्षरं. सोयरीक जमली तेव्हा जगदेवने स्वतः वाचली होती.

तिथे कातडी कोरी होती. व्रण नाही, डाग नाही.

नावाशेजारी गोंदलेली तुळस जशीच्या तशी होती.