दोन थर्मामीटर, एक भात

"एक लक्षात ठेव," बॅगेची चेन ओढता ओढता ताई म्हणाली होती, "तिथे परिषदेला जमणार सगळे अन्न-तपासनीस. त्यांच्यापैकी कोणाबरोबर जेवायला म्हणून जाऊ नकोस. तपासनीस ताटाकडे बघतो गं, समोरच्या माणसाकडे नाही. नऊ वर्षं झाली माझ्या लग्नाला. विचार तुझ्या भावजींना, मी आत्ता कोणत्या रंगाचे कपडे घातलेत ते!"

आतल्या खोलीतून भावजींचा आवाज आला, "तिच्या डब्याचं झाकण घट्ट लावलंस ना गं?"

"बघ!" ताईने कपाळावर हात मारला.

धाकटीने हसून ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. जेवायला जायचा प्रश्नच कुठे होता? ती बाहेर जेवायचीच नाही मुळी. अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला लागली आणि पहिल्याच वर्षी तिच्या टेबलावर एका शाळेतल्या जेवणाचे नमुने आले. पोरं वाचली सगळी, पण त्या काचेच्या बशीत चोवीस तासांत जे उगवलेलं तिने पाहिलं, ते डोळ्यांपुढून हललं नाही. तेव्हापासून कुठेही जायचं तर तिच्याबरोबर तिचा डबा जायचा. ठरत आलेलं एक लग्नही त्यापायी मोडलं होतं. "मुलगी चांगली आहे हो, पण आमच्याकडे तिने पाण्याच्या ग्लासलासुद्धा हात लावला नाही," असा निरोप आला होता. आई दोन दिवस बोलली नाही. ती मात्र हसून मोकळी झाली… वरवर. आत कुठेतरी भीती होतीच, की आपण जन्मभर आपल्याच डब्यात जेवणार. दुसऱ्या कोणाच्या ताटाशी बसणं आपल्याला जमणारच नाही.

तर परिषदेचा पहिला दिवस. दुपारची सुट्टी झाली. लांबलचक टेबलांवर झाकणं लावलेली भांडी, भोवती देशभरातले तीनशे अन्नतज्ज्ञ, आणि एकाच्याही हातात ताट नाही! सगळे नुसते झाकणं उचलून आत वाकून बघत होते. वाढपी बिचारे परीक्षेला बसल्यासारखे उभे.

तिलाही राहवलं नाही. खायचं नव्हतं, पण बघायला काय हरकत आहे? पर्समधला पेनाएवढा थर्मामीटर काढून तिने भातात खुपसला. त्याच क्षणी पलीकडून दुसरा एक थर्मामीटर त्याच भातात शिरला.

तिने वर पाहिलं. बाह्या दुमडलेल्या, चष्मा वाफेने धुरकटलेला, आणि चष्म्यामागे हसू दाबणारे डोळे.

"बेचाळीस," तो म्हणाला.

"एक्केचाळीस."

"तुमचा मागे पडतोय."

"तुमचा पुढे पुढे करतोय."

तो मोठ्याने हसला. "काही म्हणा, साठ अंशांच्या वर पाहिजे होता. आता जेवायचं कुठे?"

"माझा डबा आहे."

"तीन दिवसांचा?"

डबा एकाच दिवसाचा होता. पुढच्या दोन दिवसांचा विचार तिने बिस्किटांवर सोडला होता, पण हे कशाला सांगायचं अनोळखी माणसाला?

"मी तपासनीस," त्याने ओळख करून दिली. "संध्याकाळी जेवायला जागा शोधायला निघणार आहे. दोन डोळ्यांपेक्षा चार बरे. तुम्ही खाऊ नका, नुसत्या नापास करायला चला."

नापास करायला! असलं आमंत्रण तिला आजवर कोणी दिलं नव्हतं. ताईचे शब्द आठवले… आणि विसरलेही.

संध्याकाळी वारा सुटला होता. अधूनमधून चार थेंब यायचे, छत्री उघडावी तर थांबायचे. दिवे नुकते लागलेल्या त्या रस्त्यावर दोघं एकेका दारातून आत जात होती आणि बाहेर येत होती. तिची रीत ठरलेली. आधी हात धुवायच्या बेसिनपाशी जायचं.

"साबण कोरडा ठणठणीत आहे," पहिल्या ठिकाणाहून बाहेर येत ती म्हणाली. "सकाळपासून कोणी हात लावलेला नाही. नापास."

दुसऱ्या ठिकाणी टेबल पुसायच्या फडक्यानेच ताटं पुसताना दिसली. तिसरीकडे तिला सगळं ठीक वाटलं, तर त्यानेच नकार दिला.

"का पण? साबण ओला होता!"

"इथे एकटं जेवणारं म्हातारं माणूस नाही."

"म्हणजे?"

"माझी रीत," तो म्हणाला. "एकट्या म्हाताऱ्या माणसाला आजारी पडणं परवडत नाही. उशाशी बसायला कोणी नसतं ना. त्यामुळे असं माणूस जिथे रोज जेवतं ती जागा डोळे मिटून पास करायची."

असा विचार तिने कधी केलाच नव्हता. तिने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट, सावकाश पाहिलं. वाऱ्याने कपाळावर आलेले केस त्याने मागे सारले तशी तिने घाईघाईने नजर समोरच्या पाटीवर वळवली.

वळणावरच्या छोट्या खानावळीत त्यांना दोन्ही सापडलं, ओला साबणही आणि खिडकीपाशी एकटे जेवणारे एक आजोबाही. अंगात राखाडी स्वेटर, मांडीवर घडी केलेला रुमाल. ते प्रत्येक घास चोविसदा चावत होते. तिने मोजलं.

"काय आणू?" मालकीणबाईंनी विचारलं. खरखरीत आवाजाची, भारदस्त बाई.

"मला काही नको," ती पुटपुटली.

"यांना दोन उकडलेली अंडी सालासकट, एक केळं आणि एक संत्रं," तो म्हणाला. मग तिच्याकडे वळून हळूच, "सगळं साल असलेलं आहे. कोणाचाही हात लागलेला नाही. बघा… जमलं तर."

आजवर लोकांनी तिला हसून घेतलं होतं, उपदेश केले होते, बोल लावले होते. साल असलेलं जेवण मागवलं नव्हतं कोणी. तिने अंडं फोडलं. टेबलावर सालांचा ढीग होत गेला. पलीकडून तो मुद्दाम दुसरीकडे बघत सूप पीत राहिला, तिला अवघडायला होऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी भाषणं कोण कशावर करत होतं, देव जाणे. तिचं लक्ष घड्याळाकडे. संध्याकाळी सव्वासातला दोघं पुन्हा त्याच टेबलाशी.

"सूप उकळताना मी स्वतः पाहिलंय," तो म्हणाला. "बुडबुडे मोजू का?"

"मोजले असतील तुम्ही."

"मोजत होतो, पण मधेच तुमची आठवण आली आणि चुकलो."

तिने चमचा तोंडाशी नेला, खाली ठेवला, पुन्हा उचलला… आणि प्यायली! चार वर्षांत पहिल्यांदा. गरम, मिरपूड जरा जास्त, आणि अगदी साधं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते मिरपुडीचं, असं तिने सांगितलं. त्याने मानलंही.

तेवढ्यात खिडकीतले आजोबा आले. दारापासून आपल्या खुर्चीपर्यंत एकेका खुर्चीच्या पाठीला हात लावत लावत ते गेले आणि बसल्या बसल्या त्यांनी ब्रेड मोडला.

"पाहिलंत?" ती त्याच्या कानाशी कुजबुजली. "चार खुर्च्यांना हात लावला आणि तसाच ब्रेड मोडला! हात न धुता!"

"पाच," तो म्हणाला. "दाराजवळची तुम्ही धरली नाहीत."

दोघं खुदखुदून हसली. आजोबांनी मान उचलून त्यांच्या दिशेने पाहिलं, जरासं भलतीकडेच, आणि ओळखीचं हसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी परिषद संपली. त्याची गाडी पाचला, तिची सहाला, दोन उलट्या दिशांना. सामान घेऊनच दोघं खानावळीत आली. काहीतरी बोलायचं होतं दोघांनाही, आणि दोघंही मेन्यूकार्ड वाचत बसली होती. केवढंसं ते कार्ड! पाठ झालेलं.

"तर… " तो म्हणाला.

"तर काय?"

"काही नाही. तुमच्या गावी… जेवायची सोय कशी आहे?"

ती हसणार तोच तिची नजर खिडकीकडे गेली. रुमाल घडी करून ठेवलेला, ताट मांडलेलं. खुर्ची रिकामी.

"आजोबा आले नाहीत का?" तिने विचारलं.

"नाही ना," मालकीणबाई म्हणाल्या. "सकाळी चहालाही नाहीत. सात वर्षांत असं झालं नाही कधी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यात एकच विचार आला, आणि तो त्यांच्याच डोक्यात येऊ शकत होता.

"काल त्यांनी काय खाल्लं?"

"सूप आणि ऑम्लेट. का?"

"अंडी!" तो उठून थेट स्वयंपाकघरात. तिने पर्समधून निर्जंतुक बाटली काढली, कालचं सूप उरलंय का विचारलं, झाकणावर तारीख लिहायलाही घेतली. तो आत एकेक अंडं दिव्यापुढे धरून बघत होता. दोघांचे हात कसे सराईतपणे चालले होते!

मालकीणबाई क्षणभर बघत राहिल्या. मग त्यांचा आवाज चढला. "अहो शहाण्यांनो! माझी अंडी कुठे पळून जात नाहीत! तो माणूस कुठे आहे ते बघा की आधी! मला चूल सोडता येत नाही, तुमचे पाय मोडलेत का?"

बाटली तिच्या हातातच राहिली. पत्ता घेऊन दोघं धावली. दोन गल्ल्या सोडून, तळमजला, निळं दार. दार नुसतंच लोटलेलं. आत आजोबा जमिनीवर, भिंतीला टेकून. शेजारी आडवं पडलेलं स्टूल, सुजून टम्म झालेला घोटा.

"भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायला चढलो," ते म्हणाले. "स्टूल संपलेलं दिसलं नाही."

"हाक का नाही मारलीत कोणाला?"

"मारली की. रस्त्यावर गाड्या फार." मग त्यांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "तुम्ही कोपऱ्यातलीच ना? खुसखुसणारी? महिना झाला, डोळ्यांनी नीट दिसत नाही मला. खुर्च्या धरत धरत जातो. वाटलं होतं, कोणीतरी विचारेल."

ती त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. पाच खुर्च्या! मोजल्या होत्या दोघांनी. हात दिसला होता, ब्रेड दिसला होता. आजोबा दिसले नव्हते. ताई, तुझं खरं होतं गं… फक्त भावजींपुरतं नव्हतं. मीही त्यातलीच निघाले.

तो डॉक्टरला बोलवायला पळाला. हाड मोडलेलं नव्हतं. पट्टी बांधून झाली, डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी घेऊन झाली. खानावळीत निरोप गेला. आजोबांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. ती उठली, त्या अनोळखी स्वयंपाकघरात तांदळाचा डबा शोधला, दोनदा धुऊन भात टाकला. चार बटाटे उकडले. तिघांची पानं वाढली. खिडकीतून तिरपं ऊन जमिनीवर उतरलं होतं. आजोबा सांगत होते, त्यांची बायको असताना ती दोघं खानावळीत कधी गेलीच नव्हती. ती गेल्यावर या घरात एकट्याने घास उतरेना, म्हणून जायला लागले. ऐकता ऐकता तिचं ताट रिकामं झालं.

आणि मग तिला जाणवलं. तांदूळ निवडले नव्हते. ताटं कोणी घासली होती, ठाऊक नव्हतं. पाण्याचा ग्लास तिच्या हातात होता, अर्धा प्यायलेला.

तिने वर पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता. जेवायचा थांबून, किती वेळापासून कोण जाणे.

"तुमचा भात गार होतोय," ती म्हणाली.

"होऊ दे."

"तापमान…"

"थर्मामीटर खानावळीत विसरलो." जरा थांबून तो म्हणाला, "गाडीही गेली माझी. पाच वाजून गेले."

"आता?"

"आता आजोबांना उद्या डोळे दाखवायला न्यायचं. त्यानंतर… तुझ्या गावी यायचं म्हणतो. तुझ्या आईच्या हातचं जेवायला. झाकण उचलून बघणार नाही, शप्पथ." मग एकदम गोंधळला, "म्हणजे… तुमच्या. तुमच्या आईच्या."

"तुझ्याच बरं वाटलं," ती म्हणाली. कान तापलेले कळत होते तिला. साठाच्या नक्कीच वर.

"अरे, मला दिसत नाही, ऐकू येतं व्यवस्थित," आजोबा म्हणाले. "मी जरा भात मागू, की थांबू?"

याला आता सहा वर्षं होतील. एका डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर आजोबा लग्नाला आले होते, तोच राखाडी स्वेटर घालून. पंगतीत प्रत्येक घास चोविसदा चावत ते सगळ्यांच्या मागून उठले. पुढे दोन वर्षं दर रविवारी फोन व्हायचा. मग एका हिवाळ्यात मालकीणबाईंचाच फोन आला. झोपेतच गेले, म्हणाल्या. आदल्या संध्याकाळी पोटभर जेवून गेले होते. खिडकीपाशी बसणारी दुसरी कोणी आहे आता, एक शिक्षिका, निवृत्त झालेली.

त्या दोघांची लेक आता रांगते आणि जमिनीवर सापडेल ते तोंडात घालते. आई अजूनही घाबरते, धावते, बोट घालून काढते. साबण ओला आहे का, ते अजूनही आधी बघते. पण परगावी कुठे जेवायला गेली, की सालं काढता काढता तिची नजर एकट्या टेबलांवरून फिरते, आणि ताटावर नाही, माणसावर थांबते.

तुम्हीही कुठेतरी रोज जेवत असाल, चहा पीत असाल. तिथेही असेल कोणीतरी, ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या खुर्चीत. नाव ठाऊक नसेल तुम्हाला, नुसती मान हलवण्याइतकी ओळख. आज ती खुर्ची रिकामी दिसली, तर भात निवला तरी चालेल. गल्ल्यावर विचारा, पत्ता घ्या… आणि एकदा जाऊन बघून या.