सहभागी क्रमांक सतरा

पटो न पटो, हे घडलेलं आहे. ज्या ओट्यावर घडलं, त्या ओट्यावर मी नंतर जाऊन बसलो होतो. फार वेळ बसवलं नाही.

तारीख तेवीस डिसेंबर, मागच्या वर्षीची. जागा दिंद्रुडच्या आत चार किलोमीटरवर, माझ्या मावशीची वस्ती.

आणि वेळ रात्रीची नव्हती. दुपारचे पावणेतीन. भुताला अंधार लागतो हे कुणी ठरवलं, कोण जाणे.

मनिषा माझी मावसबहीण. बीडला कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय मानसशास्त्र. मावशी गावात सांगायची, पोरगी डोस्क्याचं शिकती. त्या वर्षी तिला संशोधन पद्धती नावाचा नवा विषय होता.

मॅडमनी काम दिलं होतं. एक प्रश्नावली तयार करायची आणि वीस बायकांकडून भरून घ्यायची. पंधरा दिवसांनी त्याच बायकांना तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. दोन्ही वेळची उत्तरं जुळली, तर प्रश्नावली भरवशाची. फॉर्मवर नाव नाही, नुसता क्रमांक. खाली संमतीची सही नाहीतर अंगठा.

मनिषानं विषय घेतला होता, बायकांना मिळणारा आधार. वीस वाक्यं आणि प्रत्येकापुढं चार चौकोन. कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, नेहमी.

आसारामकाकांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिला आधीच बजावलं होतं. विषय राहिला तर शिक्षण बंद. शिक्षण बंद म्हणजे लग्न, आणि लग्न म्हणजे कोयता. आमच्याकडं ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं जातात. त्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. मनिषाला कुणाचाही अर्धा कोयता व्हायचं नव्हतं.

एवढी हुशार पोरगी, आणि बायका निवडल्या आपल्याच वस्तीवरच्या. तेही डिसेंबरात.

डिसेंबरात आमच्या वस्तीवर काय असतं? कुलपं. दिवाळी झाली की सगळी वस्ती ऊसतोडीच्या फडावर जाते. म्हातारी माणसं राहतात आणि चार शेळ्या. कुत्रीसुद्धा निम्मी गाड्यांमागं निघून जातात.

आठ डिसेंबरला मनिषा दारोदार फिरली. बारा बायका मिळाल्या. आठ कमी पडल्या.

मग तिनं जे केलं, ते तिच्या वर्गात निम्म्या पोरी करतात. शेजारच्या बंद घराच्या ओट्यावर बसली आणि फडावर गेलेल्या आठ जणींचे फॉर्म स्वतःच भरायला घेतले. संमतीचे अंगठेही स्वतःचेच, कधी उजवा, कधी डावा.

ते बंद घर मंगलवहिनीचं होतं. अजिनाथची बायको, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. मनिषा बारावीला होती तेव्हा तिच्या वाटणीचं पाणी हीच आणून टाकायची. म्हणायची, तू बस अभ्यासाला. वहिनीच्या उजव्या अंगठ्यावर कोयता लागल्याची आडवी खूण होती.

क्रमांक सतरा मंगलवहिनीचा.

तो फॉर्म मांडीवर असतानाच फोन वाजला. तिचाच होता, फडावरून.

"मनिषा, पोटात लई दुखायलंय गं. मुकादम म्हणतोय गाडी भरल्यावर बघू. तू शिकलेली हायस, कुणाला तरी फोन लाव की."

मनिषाची तीनची गाडी होती. ती म्हणाली, "वहिनी, कामात हाय. पाच मिनिटांत लावते."

फोन ठेवला. पुढचं वाक्य चौदावं होतं.

'संकटात हाक मारली तर कुणीतरी धावून येतं.'

तिनं टिक केली... नेहमी.

फोन परत वाजला. मनिषानं तो कट केला, उरलेली सहा वाक्यं उरकली आणि अठरावा फॉर्म घेतला.

पाच मिनिटं काही झाली नाहीत. गाडी मिळाली, खिडकीची जागा मिळाली, डोळा लागला. संध्याकाळी काकांचा फडावरून फोन आला. मंगल गेली. उसाच्या ट्रॅक्टरवर घालून दवाखान्यात नेत होते, वाटेतच गेली. तिनं दुपारी कुणाला तरी फोन लावलता म्हणं, असं काका म्हणाले.

तो मनिषाला होता. आजवर हे मी सोडून तिनं कुणाला सांगितलेलं नाही.

रडली मात्र खूप. पण रडून झाल्यावर तिनं एक हिशेब केला, आणि त्यासाठी मी तिला आजही माफ करू शकत नाही. क्रमांक सतरा काढला तर एकोणीसच राहतात.

तिनं सतरा ठेवला.

तेवीस डिसेंबरला दुसरी फेरी. बारा जणींना पुन्हा विचारलं. मग त्याच ओट्यावर बसून उरलेले फॉर्म. जुनी उत्तरं उतरवायची आणि खरं वाटावं म्हणून एखादी टिक इकडची तिकडं. सात झाले. सतरावा मुद्दाम शेवटी ठेवला होता.

तिनं पेन टेकवलं.

आणि... दाराच्या आत कुणीतरी बसलं.

बसण्याचा आवाज कसा असतो? आधी बांगड्या. मग लुगड्याची सळसळ. मग दमलेल्या माणसाचा सुस्कारा.

दाराला कुलूप होतं. कुलपावर कोळ्याचं जाळं होतं.

मनिषाला उठता येईना. मांडीवरचे कागद शिशाचे झाल्यासारखे जड झाले.

आतून आवाज आला... "इचार."

बास, एवढंच. राग नाही, रडणं नाही. वहिनी पाणी आणून ठेवल्यावर बोलायची, तसा.

मनिषानं पहिलं वाक्य वाचलं. का वाचलं, तिला सांगता येत नाही. 'माझं दुखणं घरचे ऐकून घेतात.'

आतून दारावर टकटक... एकदा.

पहिला चौकोन. कधीच नाही.

दुसरं वाक्य. एकदा.

तिसरं. एकदा.

तेरा वाक्यांना तेरा वेळा, एकेकदाच. दर वेळी आवाज थोडा खालून यायचा, बसलेलं माणूस आडवं होत चालल्यासारखा.

मग चौदावं. तेही तिनं वाचलं. 'संकटात हाक मारली तर कुणीतरी धावून येतं.'

टकटक नाही.

लांबची एक शेळी ओरडत होती, तीही थांबली.

आणि... ओट्यावर ठेवलेला मनिषाचा फोन वाजला.

पडद्यावर नाव, मंगलवहिनी.

तो मोबाइल फडातच हरवला होता. अजिनाथनं नंतर नवा नंबर घेतला होता.

आतून कुणीतरी श्वास धरून ऐकत होतं. फोन वाजत होता. मनिषाला फक्त उचलायचा होता.

तिनं कट केला.

भीतीनं बोट गेलं, ती म्हणते. असेलही.

दारावर टकटक झाली. अगदी उंबऱ्याजवळ, एकदा.

समोरच्या घरातून छबुबाई काठी टेकत बाहेर आली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "का गं पोरी, मंगलचं दार कोण वाजवायलंय आतून?"

मनिषानं तो फॉर्म तिथंच फाडला. बीडला खोलीवर येऊन नवा भरला. चौदाव्याला नेहमी आणि खाली स्वतःचा अंगठा.

जानेवारीत तोंडी परीक्षा झाली. मॅडमनी फाइल चाळली आणि सतराव्याशी थांबल्या. एकोणीस जणींची उत्तरं छान जुळतात, म्हणाल्या, हिचं एकही जुळत नाही. पण सगळ्यांत खरी मला हीच बाई वाटते.

त्यांनी फाइल फिरवून दाखवली. वीसच्या वीस टिका पहिल्या चौकोनात. खाली अंगठा... आणि अंगठ्यावर आडवी खूण.

मॅडमनी चांगले मार्क दिले. मनिषाला वाटलं, सुटले.

मार्चात संशोधन पद्धतीचाच लेखी पेपर होता. सकाळी जायची तयारी करताना तिच्या पोटात कळ आली. उठवेना. खोलीत ती एकटीच होती. पेपर बुडाला. दुपारपर्यंत तिला दारापर्यंतही सरकता येईना.

तिनं फोन लावले. काकांना, मावशीला, मैत्रिणींना, मला. एकूण आठ.

आठही जणांनी उचलले. आठही जण एकच बोलले.

"कामात हाय. पाच मिनिटांत लावते."

आवाज ज्याचा त्याचा नव्हता, ती म्हणते. आठही फोनवर मंगलवहिनीच होती.

संध्याकाळी घरमालकीण पाणी विचारायला आली म्हणून ती वाचली. अपेंडिक्स फुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, अजून एक तास आणि संपलं असतं.

विषय राहिला. काका बोलल्याप्रमाणे वागले. मे महिन्यात तिचं लग्न झालं, आणि या दिवाळीनंतर ती फडावर गेली. आता तिच्या सासरच्या दारालाही कुलूप आहे.

हे सगळं तिच्या मनाचे खेळ आहेत, असं मीही म्हटलं असतं. तापात माणूस काहीही ऐकतं. पण काकांच्या फोनमध्ये तिचा कॉल नाही, मैत्रिणींच्याही नाही.

माझ्या फोनमध्ये आहे.

आलेला. उचललेला. दुपारी दोन चाळीसचा, सतरा सेकंदांचा.

त्या दुपारी मी रानात होतो. फोन घरात चार्जिंगला लावला होता, आणि घराला कुलूप होतं.

आता परत डिसेंबर लागलाय. मनिषाला तिसरा महिना आहे, कालच मावशीनं सांगितलं. फडावर दवाखाना लांब पडतो. म्हणून मी रोज दुपारी फोन हातात धरून बसतो. तो एकदाही वाजत नाही.

रोज रात्री मनिषा तिकडून विचारते... "दादा, दुपारी लावलता. कामात होतास का?"